शिडी कोण धरणार

॥ श्री ॥

अंबरनाथ,
दि. ९ जानेवारी १९९८

चि. सुनेत्रास आणि बदलापूरहून तिच्यासारख्याच रोज कामाला निघणाऱ्या सगळ्या मुलींस अनेक आशीर्वाद.

रस्त्याने जाताना कोणी टक लावून बघत राहिलं तर कसं वाटतं, हे तुम्हांला मी सांगायला नको. पण निदान तो माणूस दिसतो. त्याच्याकडे वळून बघता येतं, वेळ आली तर चप्पल काढता येते. आमच्या मागच्या वस्तीतल्या बायकांवर आता असा बघणारा बसवला आहे, की त्याच्यावर चप्पल उगारायचीही सोय नाही.

रंगाच्या कंपनीची मागची भिंत आणि वस्ती यांच्यामधली गल्ली तू पाहिली आहेस. तिच्या टोकाला सार्वजनिक संडास. वळणावर रस्त्याच्या दिव्याचा खांब आहे, त्यावर कंपनीने दिवाळीनंतर टीव्हीचा कॅमेरा लावला. भिंतीवरून माल चोरीला जातो म्हणे. जात असेल. मग कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे हवं, ते गल्लीकडे का? वॉचमनच्या केबिनमध्ये पडदा आहे. तिथे दोघेतिघे चहा पीत बसतात आणि कोणती बाई डबा घेऊन केव्हा गेली, केव्हा आली ते बघतात.

गोदूबाईची काशी तुला आठवत असेल. नर्सिंगचा कोर्स केलेली, हसरी. तिला परवा वॉचमनने हटकलं, "क्या बात है, आज तीन बार? तबियत ठीक नहीं?" मागून केबिनभर हशा. पोरगी घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवली नाही.

मी मॅनेजरकडे गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, उत्तर दिलं नाही. म्हणून मंगळवारी मारुतीच्या पारावर सभा घेतली. बोलता बोलता मी शब्द दिला, की सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, मी स्वतः शिडी लावून तो कॅमेरा फोडीन. टाळ्या थांबेनात. हे चोरून करायचं काम नाही. फोडीन आणि पोलीस येईपर्यंत तिथेच बसून राहीन. अन्यायाची तक्रार अन्याय करणाऱ्याच्या दारात किती दिवस न्यायची?

तू वकील झालीस, आता मामासाठी जामिनाची तयारी ठेव.

आशीर्वाद तर आहेतच. तुझा लोभ निदान जामीन होईपर्यंत टिकव.

तुझा
चिंतामणीमामा


॥ श्री ॥

बदलापूर,
दि. ११ जानेवारी १९९८

ती. मामास सुनेत्राचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मुद्दाम फोन केला नाही. फोनवर तू बोलतोस आणि मी नुसती हुंकार देते. कागदावर तुला माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही.

आईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, दादाला लहानपणी पेरूच्या झाडाचा अंदाज आला नाही, त्याला आता खांबाचा कुठून येणार. मग डोळे पुसत आत गेली.

तुझं म्हणणं खरं आहे, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचशील. कॅमेरा तिथे नको. पण तो फोडण्याचं काय होतं ते ऐक. कंपनीची वस्तू मोडली, नुकसान पन्नास रुपयांच्या वर गेलं, की कलम ४२७, दोन वर्षांपर्यंत कैद. खांब कंपनीचा नाही, सार्वजनिक आहे. त्यावरच्या दिव्याला किंवा तारेला धक्का लागला तर सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा चौऱ्याऐंशी सालचा कायदा लागतो. दिवे, पाणी, वीज असं काही असेल तर त्यात कमीत कमी सहा महिने सक्तमजुरी आणि वर पाच वर्षांपर्यंत. "मी तत्त्वासाठी केलं" हे कोर्ट शांतपणे ऐकून घेतं आणि लिहून घेतं. त्याला कबुली म्हणतात.

मी ज्यांच्या हाताखाली वकिली करते त्या हिंगोरानी साहेबांना मी नाव न सांगता विचारलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "बेटी, मामाजी को बोलो, कॅमेरा तोडने जाओगे तो पहला गवाह वही कॅमेरा है." मामा माझाच, हे त्यांना कसं कळलं देव जाणे.

दुसरी गोष्ट कायद्याची नाही. कॅमेऱ्याला वीज त्या खांबावरूनच घेतलेली असणार आणि उघड्यावरचे असे जोड कसे बांधतात ते मी इथे रोज बघते. आमचा एक अशील आहे, धर्मराज नावाचा पेंटर. उल्हासनगरच्या कॅम्पात दुकानाची पाटी लावायला तो खांबावर चढला होता. शॉक अगदी किरकोळ लागला. हात सुटला, पडला तो जबर. आज काठीशिवाय चालत नाही, आणि परवानगीशिवाय खांबावर चढलास म्हणून भरपाईही अडली. तू एकसष्ट वर्षांचा आहेस आणि तुझा डावा गुडघा आमच्या जिन्यावरही कुरकुरतो.

मामीला नमस्कार. रागावलास तरी चालेल, पण उत्तर लिही.

तुझी
सुनेत्रा


॥ श्री ॥

अंबरनाथ,
दि. १३ जानेवारी १९९८

चि. सुनेत्रास अनेक आशीर्वाद.

तुला कायदा शिकवायला आम्ही घरातल्या सगळ्यांनी आनंदाने मान डोलावली, त्याची ही फळं. कलमं वाचली. पाच वर्षं तर पाच वर्षं. माझ्या कपाटात न वाचलेली पुस्तकं आहेत, तेवढी तुझ्या मामीकरवी पोचवत जा. ज्यांनी आपल्याआधी तुरुंग पाहिले त्यांनी आधी वकिलाचा सल्ला घेतला असता, तर तुझ्या हिंगोरानी साहेबांना आज इंग्रज साहेबासमोर उभं राहावं लागलं असतं. त्यांना माझा नमस्कार सांग आणि हे वाक्य सांगू नकोस.

शॉकचं म्हणशील तर शिडी लाकडी आहे, मांडववाल्या मधूची. रबरी हातमोजे मिळवले आहेत. आणि पडण्याची काळजी तू करू नकोस, कारण ती करणारे इथे आहेत. काल गोदूबाई, काशी आणि आणखी दहाबारा जणी घरी आल्या. शिडी त्या धरणार आहेत. मी नको म्हणत होतो. गोदूबाई म्हणाली, "तुमी चरा वर. परलाव त आमचे अंगाव पराल, जमिनीव नाय." सुनेत्रा, आयुष्यभर मी व्यासपीठावरून बोललो. लोकांनी टाळ्या दिल्या, हार घातले. पण माझ्याखाली हात धरून उभं राहू असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्या सगळ्यांत पहिला हात वर केला तो काशीने.

आता सांग, यातून मागे कसा फिरू? माणसाजवळ म्हातारपणी उरतं काय? दिलेला शब्द. तो लोकांसमोर दिलेला आहे.

मामीने तिळाच्या वड्या दिल्या आहेत. कडक झाल्या आहेत, कारण पाक करताना ती माझ्याशी वाद घालत होती.

तुझं प्रेम कलमांच्या पलीकडलं असू दे.

चिंतामणीमामा


॥ श्री ॥

अंबरनाथ,
संक्रांत

चि. सुनेत्रास मामीचे आशीर्वाद.

हे यांना न सांगता लिहिते आहे. वाणसामानाला म्हणून बाहेर पडले आणि पोस्टात बाकावर बसले आहे, म्हणून अक्षर असं.

तुरुंगाची मला भीती नाही गं. लग्नानंतर दोनदा हे मोर्च्यातून उचलले गेले, मी डबा घेऊन गेले. तेव्हा तरणे होते. आता अंघोळीला बसले तर उठताना नळाला धरतात, आणि आवाज ऐकू येऊ नये म्हणून बादली वाजवतात. यांना पडताना मला बघायचं नाही, एवढंच आहे. मधूला मी शिडी देऊ नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, काकू, काकांना नाही म्हणायला मला तोंड नाही.

पण लिहायचं ते वेगळंच. काल काशी एकटी माझ्याकडे आली. यांच्या जुन्या कारखान्याच्या, ऑर्डनन्सच्या हॉस्पिटलात तिची निवड झाली आहे. आता पोलिसांची चौकशी व्हायची आहे, मग नेमणुकीचं पत्र. घरात कोणाला एवढ्यात बोलली नाही, पत्र हातात आल्यावर सांगायचं म्हणे. तिने मला विचारलं, शिडी धरली तर माझं नाव पोलिसांत जाईल का? मी म्हटलं, मला नाही माहीत, तू नको धरूस. तर म्हणते, "काका माझ्यासाठी वर चढणार, काकू. मी घरात कशी बसू?"

यांना सांगू का नको ते मला सुचत नाही. सांगितलं तर मोडून पडतील, नाही सांगितलं तर त्या पोरीचं काय? तू शिकलेली आहेस. काय ते तूच लिही.

वड्या दाताखाली जपून फोड.

तुझी
सुनंदामामी


॥ श्री ॥

उल्हासनगर,
दि. १६ जानेवारी १९९८

ती. मामास सा. न. वि. वि.

हे पत्र टपालात टाकत नाही. ऑफिसच्या शिपायाजवळ देते आहे, आज संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात पडेल. मामीने मला लिहिलं. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्यावर तिचा जीव आहे एवढाच तिचा अपराध.

काशीची ऑर्डनन्सच्या हॉस्पिटलात निवड झाली आहे आणि पोलीस चौकशी बाकी आहे. तू त्या कारखान्यात नोकरी केलीस, या चौकशीचं महत्त्व मी तुला काय सांगू.

आता कायदा शेवटचा सांगते, मग पुन्हा कधी सांगणार नाही. पाच किंवा जास्त माणसं मिळून ठरवून असं नुकसान करायला जमली, तर तो बेकायदेशीर जमाव होतो. मग हात कोणाचा लागला हे विचारत नाहीत. त्या उद्देशाने तिथे जो उभा असेल तो प्रत्येक जण त्याच गुन्ह्याचा आरोपी. तू म्हणशील, मी सगळा दोष माझ्यावर घेईन. घेता येत नाही, मामा. दोष म्हणजे काही सभेतलं अध्यक्षपद नाही, की तू उठून स्वीकारलंस आणि बाकीचे मोकळे झाले. तू पाच वर्षं पुस्तकं वाचशील. काशी काय करेल? सुटली तरी तोवर तिची जागा दुसरीला गेलेली असेल. आणि ती तुला नको म्हणणार नाही. तिच्यासाठी चढतो आहेस म्हणूनच म्हणणार नाही.

मला तुला थांबवून गप्प करायचं नाही, एवढं मात्र खरं. कंपनीने सार्वजनिक खांबावर कॅमेरा लावला तो कोणाच्या परवानगीने, हे नगरपालिकेला लेखी विचारता येतं. आणि बाईला लाज वाटेल असं बोलणं, तिच्या खासगीपणात घुसणं, हा कलम ५०९ खाली गुन्हा आहे. वॉचमन जे बोलला ते त्यात बसतं. अर्ज देणं हा कोणाचाच गुन्हा नाही. त्यावर काशीने पहिली सही केली तरी तिच्या नोकरीला कायद्याने काही बाधा येत नाही. हे हिंगोरानी साहेबांना विचारूनच लिहिते आहे.

शिडी, हातमोजे, भाषण, कशालाच मी नावं ठेवत नाही. तू आहेस तसाच मला हवा आहेस, फक्त जमिनीवर.

तुझी
सुनेत्रा


॥ श्री ॥

अंबरनाथ,
दि. १९ जानेवारी १९९८

चि. सुनेत्रास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मामीवर रागावलो नाही. तिच्यासमोर बसलो, ती भाजी निवडत होती, मीही निवडू लागलो. मग तिने माझ्या हातातली जुडी काढून घेतली, कारण मी देठं ठेवून पानं टाकत होतो.

काल रविवारी पारावर पुन्हा सगळ्यांना बोलावलं. उठून उभा राहिलो आणि म्हटलं, मी दिलेला शब्द आज मागे घेतो आहे. असं वाक्य मी जन्मात उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते दोनदा म्हणावं लागलं. मागून कोणीतरी म्हणालं, "कंपनीचा चहा पचला वाटतं." हसले काही जण. खोटं कशाला बोलू, लागलं. पण काशीचं नाव मला घ्यायचं नव्हतं, म्हणून उत्तर गिळलं. जमावाचं कलम समजावून सांगितलं. मला शिक्षा चालेल, तुमच्यापैकी एकीलाही झालेली चालणार नाही, एवढं म्हणालो आणि बसलो. टाळी एकही नाही.

मग गोदूबाईने विचारलं, की आता कंपनीला सांगणार कोण? मी पुन्हा उठलो. अर्ज कसा लिहायचा, त्यात नागरिकाचा हक्क, स्त्रीचा सन्मान हे मुद्दे कसे मांडायचे, ते बोलू लागलो. तुला माहीतच आहे मी सुरू झालो की. काशी उभी राहिली. तिने मला हाताने थांबवलं. उद्धटपणे नाही, कोणी घरचं माणूस थांबवतं तसं. म्हणाली, "काका, हे सगळं खरं. पण आम्ही दुपारनंतर पाणी पीत नाही, हे त्यात कुठे आलंच नाही. संध्याकाळी त्या खांबाखालून जायला लागू नये म्हणून. माझी वहिनी पोटुशी आहे, ती पण पीत नाही."

पारावरची एकेक बाई मान हलवू लागली, ती पण, ती पण. सुनेत्रा, मी अडीच महिने या कॅमेऱ्यावर बोलतो आहे. या बायकांच्या घरी चहा प्यालो आहे. हे मला माहीत नव्हतं. त्या पुरुषमाणसाला सांगतील कशा, आणि मी भाषण थांबवून विचारणार केव्हा.

अर्ज तिथेच झाला. मी एक शब्दही घातला नाही. काशीने लिहिला, एका पानाचा. पाण्याची गोष्ट पहिल्या ओळीत आहे. खालची पहिली सही तिची. नंतर तिने आईला नोकरीचं सांगितलं. गोदूबाईने आधी तिला एक धपाटा घातला, इतके दिवस लपवलंस म्हणून, आणि मग पदराने तिचं तोंड पुसत बसली.

कॅमेरा अजून खांबावरच आहे. निघेल की नाही, मी सांगू शकत नाही. सव्वीस तारखेला मी झेंडावंदन करून सरळ घरी येणार आहे, हे मामीला लिहून दिलं आहे, कारण तोंडी तिने घेतलं नाही.

शुक्रवारी, तेवीस तारखेला सकाळी अकरा वाजता या सगळ्या जणी नगरपालिकेत जाणार आहेत. अर्ज काशी स्वतः वाचणार. साहेबासमोर ती याआधी कधी उभी राहिलेली नाही. मी बरोबर असेन, पण दाराबाहेरच्या बाकावर. आत गेलो तर मला राहवणार नाही आणि मग तिचं राहून जाईल.

तू हिंगोरानी साहेबांकडून अर्ध्या दिवसाची रजा माग आणि ये. वाचताना काशीच्या शेजारी उभी राहा.

तुझा
चिंतामणीमामा