विहीर क्रमांक सात : वापरात नाही

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
सोमवार, १२ जानेवारी २०२६

प्रिय गॉडफ्रेदादा,

जय ख्रिस्त. तुम्ही सगळे खुशाल असाल. लूर्डसवहिनी लग्नाच्या धांदलीत असेल, सुझान आरशासमोर असेल आणि तू मांडववाल्याशी हुज्जत घालत असशील. इकडे आम्ही दोघं ठीक. जॅक्सनची शुगर वाढलीय. नाताळात अर्धा केक एकट्याने संपवला आणि आता मलाच विचारतो, वाढली कशी.

पत्रिका मिळाली. छान छापलीय. मागच्या बाजूला तू पेनाने लिहिलेलं मला आधी दिसलंच नाही, जॅक्सनने दाखवलं. ‘ॲंजी, उंबराच्या पाण्याची कळशी तूच घ्यायची. आईची कळशी घासून ठेवली आहे.’ एवढंच, खाली सहीसुद्धा नाही. वीस महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं रे. स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं, तोवर भाजी करपली.

माझ्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणायला आत्याने हीच कळशी डोक्यावर घेतली होती. पुढे बँड, मागे सगळी आळी, आणि परसातल्या विहिरीवर जायला एवढी मिरवणूक कशाला म्हणून तू हसत होतास. मग नवरीच्या आंघोळीला कळशीभर पाणी पुरत नाही म्हणत अख्खी बादली तू माझ्या डोक्यावर ओतलीस. माझे दात वाजत होते आणि आई तुला शिव्या घालत होती. कळशीचा मान आत्याचा, हे मला ठाऊक आहे. सुझानची आत्या मी एकटीच, हेही ठाऊक आहे.

पण दादा, मला जमेल असं वाटत नाही. मान धरलीय. डॉक्टरांनी डोक्यावर ओझं घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय. कळशी वहिनीच्या बहिणीला दे, ती हौशी आहे. आणि पाणी आपल्या विहिरीचंच हवं असं तरी कुठे आहे? हल्ली पुष्कळ घरांत नळाचं घेतात. चर्चच्या आवारातल्या नळावरून घ्या, फादर आशीर्वादही देतील. सुझानला नाही तरी थंड पाणी सोसत नाही.

ऑफिसात कामाचा नुसता ढीग आहे. तुझ्या कुंपणाला लागून असलेली ती बंद पडलेली प्लेटिंगची कंपनी. तिच्या जमिनीतलं विष उपसायचं आणि मग तिथे दवाखाना आणि तुम्हा वाडीवाल्यांसाठी फुलबाजार बांधायचा, यासाठी तीन दारांतून येणारा सरकारी पैसा एका जागी आणणं, हे माझं काम. केंद्र म्हणतं राज्याने आधी द्यावा, राज्य म्हणतं तुमचा वाटा आधी दाखवा, आणि आमचं ऑफिस म्हणतं वरून आल्याशिवाय आम्ही कुठून दाखवणार. चार वर्षं मी तीन सासवांची एक सून होऊन राबतेय.

डिसेंबरात शेवटचा हप्ता मंजूर झाला. मार्चपासून खोदाई सुरू होणार. साहेबांनी पेढे वाटले, सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी पेढा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. तो तिथेच राहिला आणि त्याला बुरशी आली.

मान धरलेली नाही दादा. मान अगदी ठीक आहे.

आता लिहितेच. नाही तर हे पान फाडून पुन्हा खुशालीपासून सुरुवात करीन. दोन पानं फाडून झालीत.

आळीतल्या विहिरींची यादी मी स्वतः केली होती, आठवतं? कंपनीच्या भिंतीपासून अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या अकरा विहिरी. आपली सातवी, भिंतीला सगळ्यात जवळची. शेवटच्या रकान्यात लिहायचं होतं, विहीर वापरात आहे की नाही. तू तेव्हा ती खरंच वापरत नव्हतास. पावसाळा सरला की पाण्याला पिवळी झाक येते म्हणून मोटर बंद ठेवली होतीस, नळाचं पाणी भरत होतास. मी लिहिलं, ‘विहीर क्रमांक सात : वापरात नाही.’ वापरात नसलेल्या विहिरीचं पाणी तपासायचं नाही, असा नियम होता. बाकीच्या दहा तपासल्या, दहाही स्वच्छ निघाल्या.

मी एक अक्षरही खोटं लिहिलं नाही, असं स्वतःला सांगत राहिले. पण ती पिवळी झाक मी बघितली होती. सुझानच्या लहानपणीच्या पांढऱ्या टबात पाणी ओतून तूच मला दाखवली होतीस. आणि मला हेही माहीत होतं की पिण्याच्या पाण्यात विष उतरलंय असं निघालं, तर सगळा प्रस्ताव नव्याने करावा लागतो. तिन्ही दारं पुन्हा ठोठावायची, दोन वर्षं गेली असती, कदाचित पैसाच दुसरीकडे वळला असता. म्हणून दादा, तो रकाना भरताना माझा हात थांबला नाही. उलट बरं वाटलं की तू मोटर बंद ठेवलीयस.

मग २०२४च्या मे महिन्यातली ती जनसुनावणी. शाळेच्या हॉलमध्ये तू उभा राहून म्हणालास, ‘आधी आमच्या विहिरींचं बोला, मग जमिनीचं.’ माईक माझ्या हातात होता. मी म्हटलं, ‘वापरातल्या सर्व विहिरी तपासल्या आहेत, पाणी सुरक्षित आहे.’ मागून कुणी तरी ओरडलं, बहीणच सांगतेय, आता बस की खाली. लोक हसले. तू बसलास. त्यानंतर माझ्याशी बोलला नाहीस. मला वाटलं चारचौघांत अपमान झाला म्हणून. खरं सांगू, मला सुटल्यासारखं झालं. तू बोलायला आला असतास तर मला तुझ्याकडे बघावं लागलं असतं.

२ नोव्हेंबरला आईबाबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला आले होते. तू वसईला बाजारात गेला होतास, ते बघूनच घरी शिरले. वहिनीने पाण्याचा पेला हातात दिला. मी विचारलं, नळाला पाणी येतं ना नीट? ती म्हणाली, ‘नळाचं कशाला, विहिरीचं आहे. अगं, तुझी ती सभा झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने मोटर चालू केली. मी म्हटलं, राहू दे की. तर म्हणाला, ॲंजी माझ्याशी भांडेल, पण खोटं बोलायची नाही.’

पेला माझ्या हातात होता. मी तो प्यायले. काय करणार होते?

मग तिचे हात दिसले. बोटांच्या बेचक्यांत चिरा आणि मनगटाजवळ दोन जखमा, कडा उठलेल्या, मधे खोल. म्हणाली, भांडी घासून होतं, डॉक्टर म्हणतात साबण बदला, तीन साबण बदलून झाले. भाताला हल्ली रंग चढतो म्हणाली, तांदूळ जुना असेल. निघताना मी म्हटलं, आपल्या विहिरीचं पाणी थोडं घरी नेते. तिला इतका आनंद झाला की दोन लिटरची बाटली धुऊन, भरून दिली.

ती बाटली मी खासगी प्रयोगशाळेत दिली, जॅक्सनच्या नावाने. १९ नोव्हेंबरला कागद आला. क्रोमियम. प्लेटिंगमध्ये वापरतात तेच, आणि तेही त्यातलं सगळ्यात वाईट. मर्यादेच्या अठ्ठावीस पट.

आज १२ जानेवारी. एवढे दिवस मला माहीत आहे आणि तुम्हाला नाही.

मला वाटलं हप्ता सुटू दे, मग सांगते. हप्ता सुटला. मग वाटलं खोदाई सुरू होऊ दे, माती हलली की पाणी आपोआप सुधारेल. तसं काही होत नसतं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. सकाळी चहाचं आधण ठेवलं की रोज मनात येतं, आता तिकडे वहिनीनेही ठेवलं असेल. उकळून हे जात नाही रे, पाणी आटतं आणि हे तेवढंच राहतं. फोनवर वहिनीचं नाव दिसतं. उचलण्याआधी मी मनात धरून चालते की आता ती सांगणार, सुझानला काही तरी झालंय. ती विचारते, ब्लाउजला अस्तर कुठल्या रंगाचं लावू. मी रंग सांगते आणि फोन ठेवते.

जॅक्सन म्हणतो, लग्न होऊन जाऊ दे, पोरीचा दिवस कशाला खराब करतेस, एवढे दिवस गेले तसे आणखी पंधरा जातील. मी त्याचं ऐकलंही असतं दादा. एवढी मी घाबरट आहे. पण तू कळशी मागितलीस. म्हणजे ते पाणी मी माझ्या डोक्यावरून वाजतगाजत आणायचं आणि माझ्या हाताने तिच्यावर ओतायचं.

आता पुढे लिहवत नाही. उद्या लिहिते.

मंगळवार, १३ जानेवारी, दुपार

सकाळी प्रयोगशाळेचा कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावून वाचला. मग म्हणाले, ‘मॅडम, हा मी पाहिलेला नाही आणि तुम्हीही पाहिलेला नाही. खोदाई सुरू होऊ द्या, जूनमध्ये बघू.’ वाईट माणूस नाही तो. तोही घाबरला होता, एवढंच.

मी म्हटलं, ‘सर, ती माझ्या भावाची विहीर आहे.’ ते म्हणाले, ‘मग तर तुम्ही अजिबातच काही लिहू नका.’

मी खाली आवक विभागात गेले. माझा अर्ज, त्यात यादीतला तो रकाना मी कसा आणि का भरला ते, सोबत प्रयोगशाळेचा कागद. तीन प्रती, तिन्ही ठिकाणांसाठी. तिन्हींवर शिक्का मारून घेतला. तिथली बाई म्हणाली, मॅडम, बसा जरा, पाणी देऊ का. मी नको म्हटलं.

आता काय होईल मला माहीत नाही. निधी थांबेल, ते नक्की. माझी चौकशी लागेल, नोकरीचं सांगता येत नाही. कंपनीची जमीन आहे तशी पडून राहील, दोन वर्षं, तीन वर्षं, आणि विष पाझरत राहील. दवाखाना नाही, बाजार नाही. आळी म्हणेल, गॉडफ्रेच्या बहिणीने हातचं घालवलं. ते मी ऐकून घेईन. पण वहिनीच्या आणि सुझानच्या तपासण्यांत काय निघेल? त्यासाठी मी कुठे आणि कुणाकडे अर्ज देऊ?

पत्र जॅक्सनबरोबर पाठवतेय. तुझ्या हातात हे येईपर्यंत त्याने मोटरीचा फ्यूज काढलेला असेल. मी तसंच सांगितलंय, आधी फ्यूज, मग पत्र. त्याच्यावर ओरडू नकोस, माझ्यावर ओरड. पाण्याचे चार जार त्याच्या रिक्षात आहेत, उतरवून घे. घरातल्या हंड्याकळशांतलं सगळं पाणी ओतून दे, चाफ्यालाही घालू नकोस. वाडीतली भाजी खाऊ नका, विकूही नका. तिघांचं रक्त आणि लघवी उद्याच तपासून घ्या, आणि डॉक्टरांना क्रोमियम हा शब्द सांग, साबणाचं बोलू देऊ नकोस. शब्द मी वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलाय.

फोनवर का नाही सांगितलं, असं तू विचारशील. तोंडाने सांगितलं तर उद्या कुणी दम दिला की मी तसं बोललेच नव्हते म्हणेन. माझा मला भरवसा उरलेला नाही. हा कागद आहे, त्यावर माझं अक्षर आहे, सोबत शिक्क्याची झेरॉक्स आहे. जपून ठेव. वकिलाकडे न्यायचा असेल तर ने. माझा विचार करू नकोस.

राहिली कळशी. शनिवारी, २४ तारखेला, संध्याकाळी पाच वाजता मी आळीच्या तोंडाशी उभी राहीन. आईची कळशी नळाच्या पाण्याने भरून बोलावलंस, तर डोक्यावर घेईन. नाही बोलावलंस, तर बँड पुढे गेला की रिक्षा करून परत येईन, रुसणार नाही. आणि विहिरीचं पाणी का नाही असं लोक विचारतीलच. तेव्हा सांग. माझं नाव घेऊन सांग, हवं तर बँडवाल्याचा माईक घेऊन सांग. त्या दिवशी सगळ्यांसमोर तू खाली बसला होतास.

खाली पूर्ण नाव लिहिते, हा कागद कुठे दाखवावा लागला तर असावं.

ॲंजेला जॅक्सन तुस्कानो

तुझ्याशी भांडायची, आणि खोटंही बोलली, ती तुझी
ॲंजी