हिरव्या दातांची देवी

सौ. विहीणबाई कुमुदिनीताई यांना चेन्नईच्या वेस्ट मांबलमहून कृष्णकांतचा कमरेतून वाकून नमस्कार. (साष्टांग घातला असता, गुडघे राजी नाहीत.) नागपूरचं ऊन, व्याह्यांचा खोकला, ठीक ना सगळं? आणि नातीला तुकडा देऊन तुमच्याकडे उरलेलं यकृत? (डॉक्टर म्हणाले होते, ते पुन्हा वाढतं. तुमच्या बाबतीत मला शंका नव्हतीच.)

ऊर्मी मजेत आहे. फक्त तुमचा तुकडा बसवल्यापासून हट्टही तुमचाच आलाय. तर झालं असं. तान्हेपणीच्या त्या काविळीनं तिचे दुधाचे दात हिरवे झाले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नवरात्रात शेजारच्या अंबुजा मामींकडे (इथे शेजारपाजारच्या सगळ्या बायका मामीच) कोलू, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, बघायला गेलो. ऊर्मीनं गाण्यासाठी तोंड उघडलं आणि जमलेल्या बायकांनी माझ्यावर उपायांचा मारा सुरू केला. कडुनिंब काय, मीठ काय, कोळसा काय! पित्त दातातच मुरलंय, घासून जाणार नाही, हे मोडक्या तमिळमध्ये सांगून सांगून माझं डोकं फिरलं. शेवटी दिलं ठोकून, की आमच्या महाराष्ट्रात हिरवा रंग देवीचा. हिरवा चुडा, हिरवं लुगडं, आणि देवी जिच्यावर प्रसन्न तिचे दातही हिरवे!

बोंबला! दुसऱ्या दिवशी दारात मामींची रांग, हातात विड्याची पानं आणि नारळ. आमची देवी पाटावर बसून आशीर्वाद देतेय. (एक मामी तर नवऱ्याची तांबरमची बदली रद्द व्हावी म्हणून नवस बोलल्या.) आम्ही अजून खोबऱ्याची चटणी खातोय.

पण आता तिचा खालचा दात हलतोय आणि बाईसाहेब हात लावू देत नाहीत. दात पडला की देवी जाईल म्हणे! यकृत टिकवायच्या औषधांनी हिरड्या सुजलेल्या, त्यात जंतूंशी लढायची ताकद कमी. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, तिथे पू झाला तर जिवावर बेतेल. मी विनवलं, ओरडलो, आइस्क्रीम आणलं. तोंड घट्ट मिटलेलं. धड जेवतही नाही. मला भीती वाटते हो.

बाकी तुम्ही मुद्दाम येण्याची काही गरज नाही.

तुमचा व्याही,
कृष्णकांत

ता. क. गरज आहे. मिळेल त्या गाडीनं या. दाखवीन तर नागपूरच्या आजीलाच, असं म्हणते.

आणखी एक ता. क. पत्र टाकायला निघालो, तोच डोशाच्या घासात दात पडला. तसाच तिला घेऊन दवाखान्यात पळालो. सगळं ठीक आहे. मागे नवा दात आधीच डोकावत होता, टोकाला हिरवट रेघ आणि खाली पांढराशुभ्र. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टोक ऑपरेशनच्या आधी तयार झालंय, पांढरं त्यानंतरचं. ऊर्मी रडली नाही, आरशापुढे दात विचकून बसली आहे. रडलो मी. विहीणबाई, ते पांढरं सगळं तुमचं. येऊन बघून जा हो.