बसलेला हत्ती

इंदूर
रविवार, २० सप्टेंबर १९९२, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे. नीरजच्या शाळेच्या शर्टाला बटण लावत होतो, ते अर्धवट ठेवून लिहायला बसलो.

ती. सौ. मंगलाताईस मारुतीचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक. भावजींचा खोकला बरा झाला असेल. मिल बंद होऊन आठ महिने झाले, अजून काही हालचाल नाही. नीरजची तब्येत चांगली आहे. घरची आठवण काढतो, म्हणून त्याला थोडे दिवस तुझ्याकडे बेटम्याला आणावं म्हणतो.

थोडे दिवस असं लिहिलं, ते खरं नाही.

बाबूराव मुकादमांनी युनियनच्या खोलीत पोरांचं बाल मंडळ सुरू केलंय. संध्याकाळी गृहपाठ, गोष्टी, चित्रं. आयाही येऊन बसतात. यंदा विसर्जनाच्या मिरवणुकीत मिलच्या देखाव्याची झांकी निघते की नाही अशी धाकधूक होती. तेव्हा ते म्हणाले, "मोठ्यांचं काय ते होऊ दे, पोरांची झांकी ठेल्यावर निघणारच." अट एकच: सगळं पोरांनी करायचं. मोठ्यांनी फक्त खळ शिजवायची आणि ठेला ढकलायचा. मला तर सगळ्यांसमोर म्हणाले, "मारुती भिया, तू हात खिशात ठेव. तुला सुरकुती दिसली की चैन पडत नाही." सगळे हसले. मिलमध्ये सहा वर्षं कापडातले दोषच शोधत होतो ना मी.

झांकीतला हत्ती नीरजकडे होता, रद्दी कागदाचा. पाय टिकेनात म्हणून त्याने तो बसवला. शेजारची शिखा चिडवायला लागली, "ए, तेरा हाथी तो भैंस लगता है!" तर हा शांतपणे म्हणतो, "चालून चालून थकलाय तो. तू नाही बसत?" इथे आल्यापासून एवढं बोलताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

विसर्जनाच्या आदल्या दुपारी पोरं शाळेत होती. मी खळीचं पातेलं घासायला गेलो. हत्तीचा एक कान मोठा होता, तेवढाच कापणार होतो. मग कामट्या घालून पाय केले, उभा केला, सोंड सरळ केली, रंग दिला. आठ महिन्यांत हातून एवढं नीट काही झालं नव्हतं. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं.

नीरजने ठेल्याभोवती एक फेरी मारली. "मामा, माझा कुठाय?"

"हाच की. नीट केला."



ठेल्याला मोहल्ल्यात बक्षीस मिळालं. बाबूराव त्याला पुढे बोलावून म्हणाले, "सांग बेटा, हत्ती कसा केलास?" तो म्हणाला, "हा मामाचा आहे. माझा बसला होता." बाबूरावांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तो मंडळात जात नाही. चित्राची वही माझ्यापुढे ठेवतो, "तूच काढ, मामा." टोमणा नाही, खरंच देतो. मी चुकलो म्हटलं, आपण परत करू म्हटलं. म्हणाला, "तुला छान येतं. मला आईकडे जायचंय."

मराठी शाळेत शिकावा म्हणून तू त्याला माझ्याकडे ठेवलंस. शनिवारी घेऊन येतो. तो काही करत बसला असेल, तेव्हा मला त्याच्याजवळ बसू देऊ नकोस.

तुझा
मारुती

हिशेब: तुझे आले १०० रु. शाळेची फी १२, वह्या १४, चप्पल २२. तुला देणे ५२. त्यातले २० शनिवारी देईन, बाकीचे काम लागल्यावर. बसचं भाडं माझ्याकडे: जाताना दीड तिकीट, येताना एक.