एकतीस इंची टायर आणि वर्षभराचा अबोला

बुलढाणा,
६ जुलै २०२५

चि. ज्ञानेश्वर यास,
वंदनाताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. आधी एक खुलासा. आपला अबोला चालू आहे. अबोला तोंडाचा असतो, हाताचा नसतो, म्हणून लिहिते आहे. फोन मात्र मी तोंडातच धरते, तेव्हा रोज सकाळी गुलाबाची चित्रं पाठवणं बंद कर.

यंदा महालक्ष्म्यांना ये म्हणतोस. कशी येऊ? गेल्या वर्षी जानेफळच्या स्टँडवरून मळ्यातल्या घरी नेताना तू जीप नाल्यात रुतवलीस. आपल्या घरची रीत अशी, की महालक्ष्म्यांचे मुखवटे उजळायला लेकीकडे जातात आणि लेकीच्या मांडीवरूनच घरी येतात. ते दोन पितळी मुखवटे मांडीवर घेऊन मी दोन तास त्या जीपमध्ये बसले. तू नुसता ॲक्सिलरेटर दाबत होतास, चाकं जागच्या जागी फिरत होती आणि चिखल माझ्या नव्या साडीवर उडत होता. ज्येष्ठेच्या नाकावरसुद्धा उडाला. मी तुला तीनदा एक गोष्ट सांगितली, ती तू ऐकली नाहीस. कोणती, ते आता सांगणार नाही. अबोला आहे. दिवेलागणीला घरी पोचलो, तर आईनं दारातच विचारलं, की देव्या वावरातून उपटून आणल्या काय.

तेव्हा म्हटलं होतं तेच आजही म्हणते. मला कोरड्या पायांनी नाल्यापलीकडे नेशील, तर येईन. नाहीतर यंदा महालक्ष्म्या बुलढाण्यातच बसतील, आणि तू बस जीपची पूजा करत.

आईला नमस्कार, कोकिळाला आशीर्वाद. राग वर दिसतो आहे, लोभ त्याच्या खालीच आहे, तो शोधून घ्यावा.

तुझी,
वंदनाताई

---

जानेफळ,
१९ जुलै २०२५

ती. स्व. सौ. वंदनाताई हिस,
ज्ञानेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस भाकर गोड लागली नाही. तिसऱ्या दिवशी मेहकरला निवृत्ती मिस्त्रीकडे गेलो आणि म्हटलं, बहिणीचा प्रश्न आहे. त्यानं गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, की भाऊ, प्रश्न बहिणीचा नाही, टायरचा आहे. आपले टायर अठ्ठावीस इंची आणि तेही झिजून टकले झालेले. चिखलात ते फिरतील नाही तर काय करतील?

मग मी एकतीस इंची घेतले. खास चिखलाचे आहेत. नक्षी इतकी खोल, की तिच्यात कोंबडीचं अंडं बसतं. मी बसवून पाहिलं. काढताना फुटलं, ती गोष्ट वेगळी. घरी आल्यावर आईनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, तुले वावर वाहाचं हाय का लढाईले जाचं हाय?

एक बारीक अडचण आहे. डावीकडे वळताना टायर मडगार्डला घासतात. उजवीकडे गाडी झकास वळते. म्हणून सध्या मी सगळीकडे उजव्या अंगानंच जातो. मेहकरहून घरी यायला तासभर जास्त लागला, पण त्या निमित्तानं मामीच्या गावावरून आलो आणि तीन वर्षांनी तिची भेट झाली.

तू तेवढी यायचं मनावर घे. दाजींना नमस्कार. लोभ नव्या टायरासारखा पकडीचा ठेवावा, ही विनंती.

तुझा,
ज्ञानेश्वर

---

बुलढाणा,
२६ जुलै २०२५

चि. ज्ञानेश्वर यास, अ. उ. आ.

उजवीकडेच वळणाऱ्या गाडीत मी बसणार नाही. आपलं घर नाल्यानंतर डाव्या हाताला आहे. मला गावाला प्रदक्षिणा घालायची नाही, माहेरी यायचं आहे. तुझ्या दाजींना पत्र वाचून दाखवलं. ते इतके हसले, की चहा सांडला.

माया आहे, भरवसा नाही.

वंदनाताई

---

जानेफळ,
९ ऑगस्ट २०२५

ती. स्व. सौ. वंदनाताई हिस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी आता डावीकडे वळते! निवृत्ती मिस्त्री म्हणाला, टायर वाढवले तर गाडी उचलावी लागते. स्प्रिंगच्या पाट्यांच्या कड्या बदलून दोन इंच उचलली. उचलली तर ब्रेकचा पाइप तोकडा पडला, तो लांब घातला. मग चाळिशीच्या वर गाडी थंडी भरल्यासारखी थरथरायला लागली, म्हणून शाफ्ट खोलून तो नीट केला. वेगाचा काटाही आता खोटं बोलतो. तो चाळीस म्हणतो तेव्हा गाडी चव्वेचाळीसनं पळत असते. एवढं करून घरी आणली, तर शेडमध्ये मावेना. पत्रा कापला. आता पाऊस म्हशीवर पडतो, म्हणून म्हशीला वेगळं छप्पर घालून राह्यलो. ताई, चार टायरांपायी मी म्हशीपर्यंत आलो आहे, याची जाणीव असू दे.

गाडी उंच झाली म्हणून तुझ्यासाठी सागाचा चौरंग करून घेतला आहे. त्यावर पाय ठेवायचा आणि राणीसारखं वर चढायचं. मोठी स्टेपनी मागच्या दाराला लावली आहे. तिच्यामुळे मागचं काही दिसत नाही, पण आपल्याला मागचं काढायचंच कशाला? पुढं जायचं आहे.

लोभात दोन इंचांची वाढ व्हावी, ही विनंती.

तुझा,
ज्ञानेश्वर

---

जानेफळ,
२४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. वंदनाताई यांस,
कोकिळाचा सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. पोळ्याला जे झालं ते तुमच्या कानावर वाकडं-तिकडं जाण्याआधी माझ्याकडून सरळ जावं.

आपल्याकडे आता बैलजोडी नाही, म्हणून पोळ्याला हे दरवर्षी हात बांधून बाजूला उभे राहतात. यंदा सकाळीच उठून जीपला धुतलं, टायरांना गेरू लावला, बॉनेटवर झूल टाकली. बैलांच्या मागं कोपऱ्यात उभी करतो म्हणाले. कोपऱ्याकडे जायची वाट तोरणाखालून. जुनी जीप तिथून आरामात जायची. गाडी वाढल्याचं यांच्या डोळ्यांना ठाऊक होतं, अंदाजाला नव्हतं. हुडाचा वरचा पाइप तोरणात अडकला आणि अख्ख्या गावादेखत तोरण तटकन तुटलं.

तोरण तोडायचा मान किसनरावांच्या बैलाचा, हे तुम्हाला माहीतच आहे. किसनराव लाल झाले. म्हाताऱ्या माणसांनी बराच खल करून निकाल दिला, की तोरण ज्यानं तोडलं त्याला ओवाळावंच लागते. मग काय, मी आरतीचं ताट घेऊन जीपला ओवाळलं. बॉनेटवर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. तेवढ्यात किसनरावांच्या बैलानं मान लांबवून ती पोळी खाल्ली, आणि मान परत गेला असं सगळ्यांनी धरलं. किसनराव हसले तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

पण ताई, खरं सांगायचं ते वेगळंच आहे. हे रोज संध्याकाळी मागच्या सीटवर तुमच्या जागी तुरीचं पोतं ठेवतात आणि नाल्यातून जीप आर-पार नेतात. निघताना पोत्याला विचारतात, ताई, बसलीस का? पोतं काही बोलत नाही. मग हे म्हणतात, बोलू नको, पण बसून राह्य. आणि निघतात. मी ओट्यावरून पाहते. आधी हसू येतं, मग येत नाही.

या हो. मुखवट्यांसाठी नाही, यांच्यासाठी या. थोरल्या हातांचा आशीर्वाद आणि तुमचा पाय, दोन्ही आमच्या घराला लाभू द्या.

आपली,
कोकिळा

---

बुलढाणा,
२७ ऑगस्ट २०२५

चि. ज्ञानेश्वर यास, अ. उ. आ.

रविवारी, ३१ तारखेला, अकराच्या एसटीनं येते आहे. मुखवटे उजळून आणले आहेत, ज्येष्ठेचं नाक आता चमकतं आहे. मी मागे बसेन. एक शब्द बोलणार नाही. नाला कोरड्या पायांनी पार झाला, की अबोला सुटला.

आणि माझ्या जागी ठेवतोस ते पोतं किती किलोचं, हे कळव. कोणी सांगितलं ते विचारू नकोस.

वाट बघणारी,
ताई

---

बुलढाणा,
५ सप्टेंबर २०२५

चि. ज्ञानेश्वर यास,
वंदनाताईचे अ. उ. आ.

काल सुखरूप पोचले. कोकिळा म्हणते, तू रविवारची गोष्ट गावभर भलतीच सांगत फिरतो आहेस. म्हणून खरं काय झालं ते शाईनं लिहून ठेवते.

तू स्टँडवर जीप आणलीस, चौरंग मांडलास आणि ऐटीत जाऊन पुढे बसलास. मी आधी मुखवट्यांची पिशवी आणि करंज्यांचा डबा मागच्या सीटवर ठेवला. मग चौरंगावर पाय दिला, तर निऱ्या अडकल्या. त्या सोडवायला खाली उतरले. तेवढ्यात तू पुढून विचारलंस, ताई, बसलीस का? मी उत्तर कसं देणार? अबोला होता. पोतं बोलत नव्हतं, मीही बोलले नाही, आणि तू निघालास.

मी जिवाच्या आकांतानं ओरडले, की थांब रे ज्ञाना. वर्षभराचा अबोला तिथंच मोडला. स्टँडवरच्या झाडून सगळ्यांना ऐकू गेलं, फक्त तुला सोडून.

पुढचं मला आईनं सांगितलं. म्हणे जीप नाल्यातून अशी गेली, की करंजीसुद्धा हलली नाही. तू हॉर्न वाजवत अंगणात शिरलास, कोकिळा ताट घेऊन उभी, दारापर्यंत कुंकवाची पावलं काढलेली. मागचं दार उघडलं, तर दोन मुखवटे आणि एक डबा. आईनं विचारलं, देव्या आणल्या, लेक कुठं सांडली बे? तू जीप तिथंच टाकून अनवाणी पळत सुटलास.

इकडे मी स्टँडवर तुझ्या चौरंगावर बसले होते. आता लिहायला लाज वाटत नाही, रडत होते. वाटलं, देव्या माझ्यावाचून गेल्या, घर माझ्यावाचून चालतं. मग रस्त्यानं तू येताना दिसलास. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडाला फेस, आणि गाडी नाही. धापा टाकत तू एवढंच म्हणालास, की ताई, चल, पायी जाऊ.

ज्ञाना, गेल्या वर्षी नाल्यात बसून मी तीनदा हेच सांगत होते. उतर, पायी जाऊ.

पाणी घोट्याएवढं होतं. तू चौरंग डोक्यावर घेतलास, मी तुझा हात धरला, आणि अर्ध्या तासात आपण घरी. पाय ओले झाले, अट मोडली, मला कसलीच आठवण राहिली नाही. आईनं रीत मोडू नये म्हणून मुखवट्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता. म्हणून मी ओट्यावरून जीपमध्ये चढले, मुखवटे मांडीवर घेतले, आणि तू अंगणातून दारापर्यंत दहा फूट गाडी चालवलीस. एकतीस इंची टायरांनी मी केलेला प्रवास तेवढाच. पण डौलदार झाला हो, खोटं का बोलू?

टायर राहू दे. म्हशीचं छप्परही राहू दे. पुढच्या वर्षी मला न्यायला जीप आण, नाहीतर किसनरावांचा बैल आण. निघण्याआधी मात्र एकदा मागे वळून बघ.

आईला नमस्कार, कोकिळाला माझ्याकडून पाठीवर थाप. लोभ होताच, आता तो बोलतासुद्धा झाला आहे.

तुझी,
वंदनाताई

ता. क. उद्यापासून सकाळी गुलाबाचं चित्र पाठवायला हरकत नाही.