बॅटरीपाशी बसण्याचा नियम

पूमाला,
२ मार्च

तीर्थरूप ताइस्तो मामांना इल्मोचा उभ्यानंच नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण तुमचा मासेमारीचा जाड डगला अंगात असताना एकदा आडवं झालं की उठवायला दुसरा माणूस लागतो.) हेल्का मामींनाही नमस्कार. स्पेनच्या उन्हात तुमची कंबर मोकळी झाली असेल आणि मामींना मनासारखा राय धान्याचा काळा पाव मिळत असेल, अशी आशा आहे. मामींच्या सहाही कुंड्या जिवंत आहेत. सहावी जरा रुसली आहे, पण ती तुम्ही असतानाही रुसलेलीच असायची. मागच्या पत्रात तुम्ही एकच प्रश्न विचारलात, ‘बॅटरी कशी आहे?’, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्यात. त्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. त्याआधी आभार मानू द्या, कारण नंतर तुम्ही ते ऐकून घ्याल की नाही, सांगता येत नाही.

मामा, मी तांपेरेचं कॉलेज मधेच सोडलं तेव्हा सगळ्या घराण्यात तुम्ही एकटेच असे निघालात की ज्यांनी मला काही सुनावलं नाही. आईनं सुनावलं, आजीनं सुनावलं, शेजारच्या बाईंनी तर फाटक ओलांडून आत येऊन सुनावलं. (मधेच म्हणजे अगदी मधेच. बॅटरीवरचं व्याख्यान चालू होतं, प्राध्यापक माझ्या जांभईवर काहीतरी बोलले, माझं डोकं तापलं आणि मी वही तिथेच टाकून बाहेर पडलो. तोवर त्यांचं ‘भरलेल्या बॅटरीला थंडीचं भय नसतं’ एवढं सांगून झालं होतं. पुढचं मी ऐकलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.) तुम्ही मात्र नुसती खोलीची किल्ली दिलीत, होडीची किल्ली दिलीत आणि चार ओळींचा कागद दिलात: महिन्यातून एकदा ‘टीरा’ची बॅटरी पूर्ण भर. भरताना तिथे बस. राउनोशी भांडू नकोस. थंडीपेक्षा रिकामेपण वाईट. चौथी ओळ मला माझ्या आयुष्याबद्दल वाटली. ती मी कापून पलंगाजवळच्या भिंतीवर चिकटवली आणि रोज सकाळी वाचून सद्गदित होत असे. ती बॅटरीबद्दल होती, हे मला फार उशिरा कळलं.

तिसरी ओळ पहिल्याच दिवशी मोडली. डिसेंबरात, हिवाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या ‘टीरा’वर मी शिडी चढून ताडपत्रीखाली शिरलो, चार्जर लावला, विजेच्या खांबाला तार जोडली आणि पंधरा मिनिटं कॉफी प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर तार खांबावरून काढून नीट वेटोळं करून शिडीला टांगलेली, वर चिठ्ठी: ‘माणूस नाही, तर वीज नाही.’ तुम्हाला होडी-क्लबचा नियम पाठ आहे. मला नव्हता. मी तरातरा ऑफिसात गेलो आणि तुमच्या राउनो मुकादमांना बरंच बोललो. ते अख्ख्या हिवाळ्यात मोजून अकरा शब्द बोलतात. त्यांतला एकही त्यांनी माझ्यावर खर्च केला नाही. पण कोपऱ्यातल्या टेबलामागून एक आवाज आला, “झालं ओरडून? मग दार लाव. ऊब बाहेर जातेय.”

ती तूली. राउनोंची मुलगी. मामा, मी दार लावलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी दार लाव म्हटल्यावर मी ते न आपटता लावलं.

त्यानंतर मला तुमच्या क्लबच्या नियमांबद्दल जो आदर वाटू लागला, तो तुमच्या अध्यक्षांनाही वाटत नसेल. चार्जर आपोआप थांबत नाहीत, म्हणून बॅटरी भरत असेल तर माणसानं तिच्यापाशी बसायचं, आणि तो बसलाय की नाही हे मुकादमानं दर दोन तासांनी जाऊन वहीत लिहायचं. राउनोंचा गुडघा धरल्यापासून ती वही घेऊन शिडी चढायचं काम तूलीकडे आलेलं. म्हणजे आठ तास बॅटरी भरायची तर चार वेळा तूली. पहिल्या खेपेला ती नुसती सही घेऊन गेली. दुसऱ्या खेपेला म्हणाली, नाक पांढरं पडलंय, चोळ. तिसऱ्या खेपेला भाताच्या करंज्या आणल्या, वर अंडं कुस्करलेलं लोणी. चौथ्या खेपेला चार्जरचा दिवा हिरवा झाला. भरली बॅटरी. आता महिनाभर तिथे बसायला मला कारण उरलं नाही.

(इथे तुम्ही चष्मा काढून पुसून घ्यावा, अशी विनंती.)

मी काही वाईट केलं नाही. मी फक्त ‘टीरा’चे दिवे लावले. आतले, बाहेरचे, डोलकाठीवरचा. तेवढ्यानं बॅटरी लवकर उतरेना, म्हणून रेडिओ लावला. मग पाणी उपसायचा पंप. (पाणी नव्हतं. पंपानं तक्रार केली नाही.) दुपारी तीनला अंधार पडला की बर्फात झाकलेल्या साठ होड्यांमध्ये तुमची एकटी ‘टीरा’ ताडपत्रीच्या आतून कंदिलासारखी उजळायची आणि बातम्या सांगायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार्जर घेऊन हजर. जानेवारीत मी तुमची बॅटरी चौदा वेळा भरली. वही पुरावा आहे. राउनोंनी एकदा पानं उलटून पाहिली आणि चार शब्द खर्च केले, “बॅटरी की फुटकी बादली?”

त्यातून खांबाचीही कटकट. रोज बाराच्या सुमारास फक्त आमच्याच खांबाची वीज जायची, ती दीड-दोन तासांनी यायची. आठ तासांचं काम दहावर जायचं. मी दीड वर्ष वीज शिकलेला माणूस. खांब उघडला, पाहिला, त्याला लाथही मारली. दोष सापडला नाही. तूलीही बिचारी तेवढा वेळ माझ्यासोबत बसून काळजी करायची. तेव्हा आम्ही खूप बोललो. तिला होड्यांची इंजिनं कळतात, ती कोणाचं ऐकून घेत नाही, आणि हसताना मफलर तोंडावर ओढते. मनातलं मात्र मनातच राहिलं. कुठल्याही प्राध्यापकाला उलट बोलू शकणारा मी, पण त्या शिडीवरून तिचं डोकं वर आलं की मला फक्त ‘सही कुठे करू?’ एवढंच सुचायचं.

मग आला लेंटच्या उपवासांआधीचा मंगळवार, सायीचे बन खायचा दिवस. तूली सायीचा बन घेऊन आली. मी नुकतीच बॅटरी पार उतरवून ठेवली होती, सकाळी भरणार होतो. तिनं विचारलं, तांपेरेला परत कधी जाणार? मी म्हटलं, त्या गावाचं नाव काढू नकोस. ती दिव्यांकडे बघत शांतपणे म्हणाली,

“एका बॅटरीपाशी दहा-दहा तास बसतोस, इल्मो. एक तास पूर्ण व्हायच्या आत वर्गातून उठायला काय झालं होतं?”

माझं डोकं तापलं. मी बन ताडपत्रीच्या फटीतून बाहेर भिरकावला. (खाली राउनो उभे होते. टोपी लोकरीची होती, साय निघता निघेना.) मी शिडी उतरलो, घरी गेलो आणि सहा दिवस मामींच्या कुंड्यांशी बोलत बसलो. ते सहा दिवस पाऱ्यानं उणे अठ्ठावीसची पायरी सोडली नाही.

तर असं सगळं कुशल आहे. तुमच्या उपकारांची फेड माझ्याकडून व्हायची नाही. मामींनी कुंड्यांची काळजी करू नये. उन्हात टोपी घाला.

तुमचा लाडका (निदान हे वाचेपर्यंत तरी),
इल्मो

ता. क. बॅटरी मेली, मामा. सातव्या दिवशी मी तूलीची माफी मागायला गेलो, तर ती होडीत वही उघडून बसली होती. म्हणाली, आज इथे कोणी बसलेलं नाही, असं लिहायला आले होते. मग तिनं बॅटरीवरची फळी उचलून दाखवली. बॅटरीच्या कडा त्या बनासारख्या फुगलेल्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. भरलेली बॅटरी थंडीत टिकते. रिकामीच्या आत जवळजवळ पाणीच उरतं आणि ते गोठतं. व्याख्यानाचा हा उत्तरार्ध होता. राउनोंनी पाहिलं, टोपी काढली, म्हणाले, “मेली.” दोन दिवसांनी म्हणाले, “ये.” गोदामाच्या उबदार खोलीत इतर सभासदांच्या अडतीस बॅटऱ्या फळीवर मांडलेल्या आहेत. तेव्हापासून त्या पुसणं, टोकांना ग्रीस लावणं, शुद्ध पाण्याची पातळी बघणं आणि दर आठवड्याला व्होल्ट लिहून ठेवणं माझ्याकडे आहे. एकही अजून रुसलेली नाही. तांपेरेला पत्र टाकलंय, शरद ऋतूत परत घेतील म्हणतात. तुम्ही यायच्या आत ‘टीरा’त नवी बॅटरी असेल. पण तुम्ही पुन्हा मला किल्ली द्याल का, हे पत्रातून कळवा. रेघा नकोत.

ता. क. २. खरं काम राहिलंच. मार्चच्या सभेत ठराव येतोय की सगळ्या होड्यांना आपोआप थांबणारे छोटे चार्जर बसवावेत आणि बसायचा नियम, वही, सगळं रद्द करावं. कोणा अरसिकानं मांडलाय, कळत नाही. मामा, वहीच गेली तर ती शिडी चढेल कशाला? सोबत मतपत्र आहे. ‘विरोधात’ समोर सही करून उलट टपाली पाठवा. एवढे उपकार केलेत, हा एक शेवटचा. (पाकीट उघडंच ठेवून ऑफिसात देतोय, मतपत्रावर क्लबचा शिक्का मारायचा आहे.)

ताइस्तो काका, शिक्का मारला. पत्र वाचलं, त्याबद्दल क्षमा. नव्या बॅटरीत अर्धा वाटा माझा, कारण बाराला त्या खांबाची वीज जात नव्हती; तिचं बटण माझ्या टेबलामागे आहे. हे इल्मोला कळवू नका. दीड वर्ष वीज शिकलाय, वाईट वाटून घेईल. आणि कृपा करून सही ‘बाजूने’ समोर करा. तो ठराव मी मांडलाय. मला एकदा वही न घेता ती शिडी चढून बघायची आहे. — तूली