माझी स्वकष्टार्जित शंका

सिलवासा, ९ नोव्हेंबर १९९२

डायरीबाई, गणपतीपासून तुझ्याकडे फिरकले नाही, माफ कर. आले तेही मृत्युपत्र लिहायला. परवा वापीला माझ्या पित्ताशयातले खडे काढणार आहेत. इतकी वर्षं संग्रहालयात दगडांच्या नोंदी केल्या, एखाददुसरा आत शिरला असावा.

मी, सौ. नलिनी प्रमोद चुरी, वय सत्तेचाळीस, राहणार आमली, शुद्धीवर आहे. ‘पूर्ण शुद्धीवर’ लिहिणार होते, पण प्रमोदचं मत वेगळं पडलं. कुणाचं दडपण नाही; आहे ते पोटात.

१. ब्लॉक आणि बँकेतलं सगळं पती प्रमोद यांस. सोबत त्यांच्या बहिणीने दिलेला काचेचा मोरही. एकदाची सुटले.

२. रेशमी साड्या मुलगी मधुरा हिला. नेसणार नाही, ठाऊक आहे. फक्त पडदे शिवू नयेत. (अशी अट घालता येते का, विचारायला हवं.)

३. भिंग आणि बारीक ब्रश संग्रहालयास. दोन्ही माझी स्वतःची. दगडी हत्यारावर आधी पांढरा ठिपका, त्यावर काळ्या शाईने नंबर, वर रंगहीन नेलपॉलिश. ते घेताना दुकानदार माझ्या उघड्या नखांकडे बघतो. बघू दे.

४. ‘शंकास्पद’ खोकं. दुधनीच्या नदीकाठचे हे दगड आदिमानवाने फोडले की पुराने, मला अजून ठरवता आलेलं नाही. नंबर दिला की दगड हत्यार ठरतो, म्हणून दिला नाही. आमचे केदारसाहेब काल म्हणाले, “नलिनीताई, दगड की हत्यार, एकदाचं बोला. नाहीतर नव्या फाटकाच्या पायाभरणीत टाकतो.”

“साहेब, हजारो वर्षं थांबलेत. मी येईपर्यंत थांबतील.”

“आणि नाही आलात तर?”

म्हणून हे कलम. पण दगड संस्थेचे, ते मी देणार कशी? माझी स्वकष्टार्जित अशी फक्त शंका. ती प्रमोद यांस देते.

वाचून दाखवलं. प्रमोद म्हणाला, “मला नको, नलू. मी दगड म्हणेन आणि जेवायला बसेन. तुझ्या साहेबाला भराव हवाय, तर ती तीन पायांची खुर्ची का नाही टाकत? रोज तिच्या नावाने ओरडत असतो म्हणतेस.”

“तिच्यावर नंबर आहे. नंबराची वस्तू टाकायची तर समिती बसवावी लागते, आणि समिती काही बसत—”

वाक्य अर्धं सोडून पेन उघडलं.

दगडांना नंबर देऊन त्यापुढे ‘शंका’ असं लिहिलं तर? आजवर कुणी लिहिलेलं नाही. खोटं होईल का? पण शंका तर खरीच आहे. खुर्चीला जे संरक्षण मिळतं, ते आदिमानवाला का नको?

कलम ४ रद्द. बाकी कायम.

साक्षीदार: भगवंत सावे, वरचा मजला. मंजुळाबाई राऊत, शेजारी. (सही करताना “काही झालंच तर मोर मला हो” म्हणाल्या. साक्ष बाद होते की काय!)

सही: नलिनी प्रमोद चुरी

उद्या: नेलपॉलिशची मोठी बाटली आणणे.