आधी रामदासभाऊंचे

१४ जुलै, रविवार

सकाळी कासमचाचांना माती देऊन आलो. नमाजाआधी त्यांचा मुलगा सर्वांसमोर उभा राहिला— "अब्बांकडून कुणाला काही येणं असेल तर मला सांगा, मी देईन. नाहीतर माफ करा."

शेजारचे रामदासभाऊ चाळीपासून सोबत आले होते. कबरस्तानाच्या फाटकाबाहेर आमच्या सगळ्यांच्या छत्र्या धरून उभे! मनात आलं— माझ्या वेळी माझा मुलगा असंच विचारेल, आणि ज्याचं येणं आहे तो बाहेर छत्र्या सांभाळत असेल. ऐकू गेलं तरी तो माणूस बोलायचा नाही. जैनबच्या ऑपरेशनला त्यांनी पैसे दिले, त्याला दोन वर्षं झाली. एकदाही विचारलं नाही.

१५ जुलै

भिशी लागली. हे पैसे रामदासभाऊंचे, असं कधीचं ठरवून ठेवलेलं.

दुपारी दुकानात गणवेशाचं कापड कापत होतो, तर गावाहून निसारचा फोन. होडीचं इंजिन बंद पडलंय, दुरुस्तीला पैसे हवेत. एक तारखेला मासेमारीवरची पावसाळी बंदी उठते, सगळ्या होड्या दर्यात जातील, याची किनाऱ्यावर. "दादा, तुझ्याशिवाय कुणाला सांगू? तुला काय, तू मुंबईवाला!"

बघतो म्हटलं. कर्जाचं बोललो नाही. धाकट्या भावापुढे जीभ रेटली नाही.

१६ जुलै

जैनबला विचारलं. "भाऊ तुमचा. मी काय बोलू?" तव्यावरची भाकरी उलटली. मग बोललीच— "पण माझ्या पोटावरचे टाके रामदासभाऊंच्या पैशाचे आहेत, एवढं ध्यानात ठेवा."

१९ जुलै, शुक्रवार

जुम्म्यानंतर मौलानांना गाठलं. वाटलं होतं, भावाचं नातं मोठं म्हणतील आणि मी सुटेन. त्यांनी आधी उलट मलाच विचारलं, "परत कधी द्यायचं ठरलं होतं?" म्हटलं, गेल्या वर्षीच.

"मग हे पैसे तुमचे कुठे राहिले? भावाला मदत करणं सवाबचं, पुण्याचं काम, खरं. पण देणं आधी. ज्याचं आहे त्याला विचारा. तो राजीखुशीने मुदत वाढवत असेल, तर द्या भावाला."

उठताना म्हणाले, "आणि शरफुद्दीनभाई, तो भिडेपोटी 'हो' म्हणाला, तर ते 'हो' धरू नका."

हेच नको होतं ऐकायला.

२१ जुलै, रविवार

विचारायला गेलो. रामदासभाऊ पेपर नाकाला लावून बसलेले. "शरफू, ही बातमी आहे की जाहिरात रे?"

रखमावहिनी आतून— "मोतीबिंदू झालाय! डॉक्टर म्हणतो, ऑपरेशन करून टाका. हे म्हणतात, पिकू दे. वर्ष झालं पिकतोय. हापूससुद्धा एवढा वेळ घेत नाही!"

"गप गं. त्याला चहा दे."

वहिनींनी कप ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

विचारलं असतं तर भाऊ लगेच हो म्हणाले असते. म्हणूनच विचारलं नाही. चहा पिऊन परत आलो.

२२ जुलै

निसारचा फोन आला. उचलला नाही.

२४ जुलै

निसारचा निरोप— "दादा, नाही म्हणायचं तर नाही म्हण. लटकवू नकोस."

बरोबर आहे त्याचं. आणि त्याला तरी काय माहीत! दर ईदला त्याच्या पोरांना कपडे पाठवले, गेल्या वर्षी फ्रिज घेऊन दिला. गावात म्हणतात, शरफू भावाला विसरला नाही. मोठेपणा माझा, खिसा रामदासभाऊंचा. मला वाटायचं, मी द्यायचं काम करतोय. भाऊ पेपर नाकाजवळ नेत होते आणि मी फ्रिजचा रंग निवडत होतो!



२६ जुलै, शुक्रवार

दिले. सगळे. रामदासभाऊ म्हणाले, "घाई काय होती रे?" वहिनींनी मात्र पदर पुढे करून घेतले.

मग गॅलरीत उभं राहून निसारला फोन केला. पहिल्यांदाच सांगितलं— कर्ज, रामदासभाऊंचा मोतीबिंदू, सगळं.

"तुझ्यावर कर्ज? दादा, मग तो फ्रिज?"

"तो रामदासभाऊंचा."

वाटलं, आता फोन ठेवणार.

मग म्हणाला, "त्यांचं ऑपरेशन कधी? सोबत माणूस लागेल ना? मी येतो. होडी तशीही किनाऱ्यावरच आहे."